न धुतलेला रोल आणि सत्कार्यवाद

जुन्या बाजारातून घेतलेल्या फिल्म कॅमेऱ्यात कधी कधी आधीच्या मालकाचा रोल तसाच राहिलेला असतो. पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार असो, मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट असो किंवा तालुक्याच्या गावचा भंगारवाला असो, बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री, जपानी याशिका, सोव्हिएत झेनिट असे कॅमेरे तिथे येतात ते बहुधा एखादे घर आवरल्यानंतर. घरगुती कॅमेऱ्याचा रोल एका दिवसात क्वचितच संपत असे. क्लिक थ्रीमध्ये १२० च्या रोलवर बारा फोटो निघत, पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. बारशाला चार, गणपतीत पाच, सहलीत सहा अशा बेताने ते वापरले जात आणि रोल भरेपर्यंत वर्ष उलटून जाई. मध्येच डिजिटल कॅमेरा आला, फोटो काढणारी व्यक्ती वारली किंवा बिऱ्हाड हलले, की अर्धवट भरलेला रोल कॅमेऱ्यासकट माळ्यावर जाई. वीस-तीस वर्षांनी तो कॅमेरा विकत घेणाऱ्याला यंत्राबरोबर आणखीही काही मिळते. ते नेमके काय, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि भारतीय दर्शनांनी त्याचा विचार फार पूर्वी, वेगळ्या दृष्टान्तांच्या आधारे करून ठेवला आहे.

प्रश्न असा. रोलवर प्रकाश पडून गेला आहे, पण तो धुतलेला नाही. त्यावर फोटो आहेत की नाहीत? व्यवहारात दोन्ही बोलले जाते. ‘यात जुने फोटो असतील’ असे म्हणताना फोटो आत्ता आहेत असे धरलेले असते. ‘धुतल्यावर फोटो येतील’ असे म्हणताना ते अजून व्हायचे आहेत असे. कार्य हे उत्पत्तीपूर्वी आपल्या कारणात असते का, या रूपात हाच प्रश्न दर्शनग्रंथांत येतो. सांख्य म्हणतात, असते; हा सत्कार्यवाद. न्याय-वैशेषिक म्हणतात, नसते, ते नव्याने आरंभते; हा आरंभवाद. बौद्धांच्या काही शाखांनी प्रश्नाची मांडणीच नाकारली. मातीतला घट, दुधातले दही, तिळातले तेल हे या वादाचे नेहमीचे दृष्टान्त. त्यांत एक उणीव आहे. कोणत्याही चांगल्या दुधाचे दही होते आणि कोणत्याही तिळातून तेल निघते. अमुक एकच दही अमुक दुधात दडले होते, असे म्हणण्याची वेळ येत नाही. फिल्मचे कार्य मात्र एकमेव असते. विशिष्ट दिवशी, विशिष्ट अंगणात उभ्या असलेल्या विशिष्ट माणसाचा चेहरा त्या रोलवर आहे किंवा नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही रोलवर तो असू शकत नाही. जुन्या वादाला ही कसोटी अधिक कठोर आहे.

आधी रोलवर वस्तुतः काय असते ते पाहायला हवे. फिल्मच्या पट्टीवर जिलेटीनचा थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. शटर उघडल्यावर आत आलेला प्रकाशकण स्फटिकातला एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. हा इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या एखाद्या सदोष जागी अडकतो, चांदीचा एक आयन तिथे येऊन त्याला मिळतो आणि धातुरूप चांदीचा एक अणू तयार होतो. त्याच जागी हे पुन्हा पुन्हा घडून साधारण चार अणूंचा पुंजका जमला, की तो स्फटिक डेव्हलपरमध्ये काळा होण्यास पात्र ठरतो. या क्रियेचा सिद्धान्त रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८ साली मांडला. स्फटिकात चांदीचे आयन अब्जांच्या संख्येने असतात; त्यांतल्या चारांचा बदल म्हणजे जवळजवळ काहीच नव्हे. अंधारातून रोल बाहेर काढून पाहू म्हटले, तर दिसत काही नाहीच, आणि पाहण्यासाठी आणलेला उजेड जे होते तेही पुसून टाकतो. डेव्हलपर त्या चार अणूंपासून सुरुवात करून सबंध स्फटिकाची चांदी करतो. ही वाढ अब्जपटींत मोजावी लागते. प्रकाशाने उमटलेल्या या न दिसणाऱ्या ठशाला शास्त्रात सुप्त प्रतिमा म्हणतात. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट यांना ती १८४० च्या सप्टेंबरात सापडली. त्याआधीच्या त्यांच्या पद्धतीत चित्र डोळ्यांदेखत उमटेपर्यंत कागद उजेडात ठेवावा लागे. थोडा वेळ प्रकाश दाखवलेल्या, कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर रसायन फिरवले की चित्र वर येते, हे कळल्यावर छायाचित्रण फार कमी वेळात होऊ लागले. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ जगातले बहुतेक सगळे फोटो या मधल्या, अदृश्य अवस्थेतून गेले आहेत. डिजिटल कॅमेऱ्याने ती अवस्था क्षणभराची केली. जुन्या कॅमेऱ्यात राहिलेल्या रोलमध्ये ती दशकांइतकी लांबलेली असते, म्हणूनच तिचा विचार करायला सवड मिळते.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सत्कार्यवादाच्या बाजूने पाच हेतू दिले आहेत, आणि रोलला ते चपखल लागू पडतात. जे मुळात नाही ते कोणत्याही प्रयत्नाने निर्माण करता येत नाही: कोरा रोल कितीही कुशलतेने धुतला, तरी त्यातून अंगणातला तो माणूस येत नाही. कार्य हवे असलेला मनुष्य त्याच्या ठरावीक उपादानाकडेच, म्हणजे ते ज्यापासून घडते त्या द्रव्याकडेच, जातो: आजीचा हरवलेला फोटो हवा असेल तर आजोबांच्या कॅमेऱ्यातला रोलच शोधावा लागतो. कशातूनही काहीही होत नाही. ज्याच्या अंगी सामर्थ्य आहे तेच त्याला शक्य असलेले कार्य घडवते. आणि कार्य कारणाच्याच स्वरूपाचे असते. शेवटचा हेतू इथे अक्षरशः खरा ठरतो, कारण निगेटिव्हमधली काळी चांदी बाहेरून आलेली नसते, ती त्याच थरातल्या क्षारांची झालेली असते. सांख्यांच्या मते धुणे म्हणजे निर्मिती नव्हे, आविर्भाव. फोटो होताच, रसायनाने त्याच्यावरचे आवरण दूर केले.

नैयायिक हे मान्य करत नाही. फोटो आधीच असेल तर डेव्हलपर, हायपो, अंधारी खोली, घड्याळ लावून ढवळत बसलेला माणूस यांचे काम काय? आविर्भाव हे त्यांचे काम असेल, तर तो आविर्भाव आधी होता की नव्हता? नव्हता म्हटले, तर निदान एक गोष्ट नव्याने उत्पन्न झाली आणि सत्कार्यवाद सुटला. होता म्हटले, तर त्याच्या आविर्भावासाठी आणखी एक आविर्भाव मानावा लागतो आणि अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी, येते. न्यायाच्या भाषेत न धुतलेल्या रोलमध्ये फोटोचा प्रागभाव असतो. प्रागभाव हा साधा नकार नाही. त्याला प्रतियोगी असतो, म्हणजे कशाचा अभाव ते ठरलेले असते, आणि ते कार्य उत्पन्न होताच तो संपतो. कोऱ्या रोलमध्ये त्या माणसाच्या फोटोचा असा प्रागभाव नाही. तिथे तो फोटो कधीच व्हायचा नाही. एक्स्पोज झालेल्या रोलमध्ये आहे. अशा रीतीने कोऱ्या रोलचा सांख्यांचा दाखला नैयायिक आपल्या घरात राहून सोडवतो. हे उत्तर बारकाईचे आहे आणि त्याची ताकद कमी लेखू नये. पण दोन सारख्याच दिसणाऱ्या रोलांपैकी एकात प्रागभाव आहे आणि दुसऱ्यात नाही, हा भेद कशामुळे, याचे उत्तर प्रागभाव देत नाही. भेद दाखवायला काहीतरी भावरूप लागते, आणि ते स्फटिकांतल्या त्या चार-चार अणूंत आहे.

मीमांसक इथे मध्ये येतात. त्यांच्या मते वस्तूत दिसणाऱ्या रूपाखेरीज शक्ती नावाचे वेगळे तत्त्व असते. विशिष्ट मणी जवळ असला की अग्नी तसाच दिसूनही जाळत नाही, हा त्यांचा दाखला. दिसण्यात फरक नाही पण करण्यात फरक पडला, तेव्हा न दिसणारी शक्ती मानलीच पाहिजे. नैयायिक शक्ती मानत नाहीत. प्रतिबंधक नसणे हेही एक कारणच, एवढे म्हणून ते काम भागवतात. एक्स्पोज झालेला आणि कोरा असे दोन रोल शेजारी ठेवले तर मीमांसकाचा युक्तिवाद पटू लागतो, कारण रूप एकच आणि सामर्थ्य भिन्न. पण रसायनशास्त्राने पुढे जे दाखवले ते दोघांनाही थोडे थोडे सोडायला लावणारे आहे. सामर्थ्य खरे आहे, आत्ता आहे, मात्र ते द्रव्याहून वेगळे तत्त्व नाही. ती द्रव्याचीच, इतकी सूक्ष्म की इंद्रियांना न सापडणारी, रचना आहे.

मग त्या रचनेला ‘फोटो’ म्हणावे का? इथे डार्करूममध्ये काम केलेल्यांचा अनुभव निर्णायक आहे. एकच रोल जास्त वेळ धुतला तर काळ्या-पांढऱ्यातले अंतर वाढते, कमी धुतला तर सावल्यांतले तपशील वर येतच नाहीत. डेव्हलपर बदलला, तापमान बदलले, ढवळण्याची रीत बदलली की निगेटिव्ह बदलते. त्याच सुप्त ठशातून एक चेहरा राखाडी आणि मवाळ निघतो किंवा कठोर आणि दाणेदार. यांपैकी कोणता फोटो रोलमध्ये आधी होता? सगळे होते म्हणावे तर एकमेकांना वगळणारी कार्ये एकाच ठिकाणी मानावी लागतात. एकही नव्हता म्हणावे तर त्या सर्वांत तोच माणूस, तेच अंगण, तोच हसू आवरलेला क्षण कसा? योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात यासाठी वापरता येईल अशी मांडणी आहे. धर्मी, म्हणजे टिकून राहणारे द्रव्य, तीन प्रकारच्या धर्मांमागे चालत असते: शांत झालेले, उदित असलेले आणि अव्यपदेश्य, म्हणजे अजून ज्यांचा निर्देश करता येत नाही असे. न धुतलेल्या रोलवरचा फोटो या तिसऱ्या वर्गातला आहे. तो शून्य नाही, तसा तयार होऊन पडदा उठण्याची वाट पाहणाराही नाही. त्याचे काही अंश ठरलेले आहेत आणि काही ठरायचे आहेत. सत्कार्यवाद ठरलेल्या अंशांपुरता खरा आहे, आरंभवाद उरलेल्यांपुरता, आणि कोणते अंश कोणत्या बाजूचे हे तर्काने आधीच सांगता येत नाही. ते त्या त्या फिल्मची घडण पाहूनच ठरते.

कोडाक्रोम या फिल्मने हे विलक्षण स्पष्ट करून दाखवले. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी शोधलेली ही रंगीत फिल्म कोडॅकने १९३५ साली बाजारात आणली. इतर बहुतेक रंगीत फिल्मांत रंग बनवणारी द्रव्ये थरांतच घातलेली असतात. प्रकाशाचा ठसा आणि रंगाचे बीज दोन्ही रोलमध्ये एकत्र. कोडाक्रोममध्ये तसे नव्हते. तिचे तीन थर वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशाची नोंद घेत, पण ती नोंद असे चांदीचीच, काळी-पांढरी. निळसर, पिवळा आणि जांभळट गुलाबी ही रंगद्रव्ये घडवणारी रसायने धुण्याच्या द्रावणांतून, ठरावीक क्रमाने, एकेका थरात येत. २००९ मध्ये या फिल्मचे उत्पादन बंद झाल्याची घोषणा झाली आणि २०१० च्या अखेरीस अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची शेवटची प्रयोगशाळा तिचे रोल घेईनाशी झाली. त्यानंतर जुन्या कॅमेऱ्यात सापडलेला कोडाक्रोम कृष्णधवलच धुता येतो. सांख्याला आता उत्तर द्यायचे आहे: लुगड्याचा लाल रंग त्या रोलवर आहे का? थरांमधला फरक आहे, म्हणजे लाल आणि हिरव्याचा भेद अजूनही नोंदलेला आहे. लाल मात्र तिथे कधीच नव्हता; तो निमित्तकारणाबरोबर, म्हणजे घडवणाऱ्या बाहेरच्या साधनाबरोबर, यायचा होता आणि ते निमित्तच आता राहिले नाही. उपादान शाबूत असताना, जगात दुसरीकडे एक कारखाना बंद पडल्यामुळे, कार्याचा एक अंश अशक्य झाला. कार्य केवळ उपादानात असते असे मानणाऱ्याला याची संगती लावणे अवघड आहे. न्यायाने उपादानाइतकेच वजन निमित्ताला दिले, ते किती योग्य होते हे इथे दिसते.

सामर्थ्य काळानुसार क्षीण होते, ही आणखी एक गोष्ट सांख्यांच्या चित्रात नीट बसत नाही. सुप्त प्रतिमेतले चांदीचे अणू पुन्हा आयन होऊन विखुरतात. दुसरीकडे उष्णता, दमट हवा आणि निसर्गात सतत असणारा सूक्ष्म किरणोत्सर्ग यांमुळे प्रकाश न पडलेले स्फटिकही काळे होण्यास पात्र बनतात, आणि सबंध पट्टीवर धुके चढते. ठसा पुसट होतो आणि गलबला वाढतो. बौद्धांचा क्षणिकवाद या बाबतीत वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ आहे. रोल कपाटात ‘पडून’ होता असे म्हटले जाते, पण पडून राहणे असे काही नसतेच. क्षणाक्षणाला पूर्वीची अवस्था जाऊन तिच्याजागी जवळपास तशी, किंचित बदललेली दुसरी येत असते. आलयविज्ञानात, म्हणजे संस्कार साठवणाऱ्या मूळ चित्तात, बीजांचा प्रवाह वाहतो अशी योगाचार बौद्धांची कल्पना आहे, तीही याच जातीची: बीज म्हणजे जपून ठेवलेली वस्तू नव्हे, पुढे पुढे सरकणारी परंपरा. कोकणात किंवा मुंबईत लाकडी कपाटात तीस पावसाळे काढलेला रोल आणि हिमप्रदेशात तेवढीच वर्षे राहिलेला रोल यांचे भवितव्य म्हणूनच वेगळे असते.

हिमप्रदेशातले उदाहरण प्रत्यक्ष घडलेले आहे. स्वीडनचा सालोमन आन्द्रे १८९७ च्या जुलैमध्ये दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. बलून तीन दिवसांत बर्फावर उतरले, तिघे चालत क्वितोया बेटापर्यंत पोचले आणि तिथेच मरण पावले. त्यांचे अवशेष १९३० साली सापडले, त्यांत सोबती निल्स स्ट्रिंडबर्ग याने वापरलेल्या फिल्मही होत्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या धुतल्या आणि सुमारे २४० पैकी ९३ फोटो वाचवले. बर्फावर आडवे पडलेले बलून आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे जगाने ३३ वर्षांनी पाहिली. एव्हरेस्टवर याच्या उलट स्थिती आहे. जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन ८ जून १९२४ रोजी शिखराच्या वाटेवर शेवटचे दिसले. त्यांच्याजवळ व्हेस्ट पॉकेट कोडॅक कॅमेरा होता असे मानले जाते. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, अर्विनचे काही अवशेष २०२४ मध्ये. कॅमेरा सापडलेला नाही. ते शिखरावर पोचले की नाही हे त्या फिल्मवरून ठरेल, अशी आशा गिर्यारोहक बाळगून आहेत. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. शिखरावर पोचणे किंवा न पोचणे ही घटना फिल्मवर अवलंबून नाही. ती घडून गेली. फिल्मवर अवलंबून आहे ते तिचे प्रमाण. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला न्यायात शेषवत् म्हणतात, आणि सुप्त प्रतिमा ही अशा अनुमानाची सामग्री आहे. ती विरून गेली तरी सत्य विरत नाही. ते जाणण्याची एक वाट बंद होते.

घटना घडून गेलेली, प्रमाण क्षीण होत चाललेले आणि ते एका अनोळखी ग्राहकाच्या हाती आलेले: यातून नीतीचा प्रश्न निघतो. कॅमेऱ्याची किंमत देणाऱ्याने रोलवरच्या फोटोंची किंमत दिलेली असते का? विकणाऱ्यालाही आत रोल आहे हे बहुधा माहीत नसते, तेव्हा त्याने तो दिला असेही म्हणता येत नाही. भारतातल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. वस्तू विकली म्हणून तो हक्क आपोआप विकला जात नाही. शिकागोतल्या व्हिव्हियन मायर यांचे प्रकरण यासाठी नेहमी सांगितले जाते. मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या या बाईंनी आयुष्यभर, बहुतांशी रोलिफ्लेक्सवर, रस्त्यातले फोटो काढले आणि कोणाला फारसे दाखवले नाहीत. भाडे थकल्याने त्यांच्या सामानाचा २००७ मध्ये लिलाव झाला, त्यात न धुतलेले शेकडो रोलही होते. २००९ मध्ये त्या वारल्या, जगाने त्यांना त्यानंतर डोक्यावर घेतले आणि पुढे हक्कांवरून न्यायालयात वाद गेला. हक्काचा निकाल कायदा लावू शकतो. त्यांना ते फोटो दिसावेत असे वाटत होते का, याचा नाही.

अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यांच्या बाबतीत प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे २,५०० रोल एक्स्पोज करून न धुता राहिले होते. फोटो काढतानाची भावना निवल्यावरच तो नीट पारखता येतो, या विश्वासाने ते मुद्दाम उशिरा धुवत. म्हणजे त्यांच्या लेखी फोटो शटर दाबल्यावर पूर्ण होत नव्हता. धुणे, पाहणे, निवडणे हे सगळे त्यात मोडत होते. इतरांनी ते रोल धुतले तेव्हा निघालेली चित्रे विनोग्रँड यांची म्हणायची का? वर मांडलेल्या हिशेबाने उत्तर देता येते. ठरलेले अंश त्यांचे, न ठरलेले धुणाऱ्याचे आणि निवडणाऱ्याचे. कर्तृत्व इथे विभागले जाते, आणि ते विभागलेले आहे हे प्रदर्शनात लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे.

घरगुती रोलच्या बाबतीत काहींचे मत असे, की परक्याच्या आठवणीत डोकावू नये, रोल तसाच ठेवावा. हे मत सद्भावनेचे आहे, तरी टिकणारे नाही. तसाच ठेवता येईल अशी ती वस्तूच नाही. न धुण्याचा निर्णय म्हणजे हळूहळू पुसण्याचा निर्णय. अस्तेयाचा अर्थ दुसऱ्याचे घेऊ नये एवढाच घेतला, तर रोलला हात न लावणे पुरेसे वाटेल; पण आपल्या ताब्यात आलेले दुसऱ्याचे आपल्या निष्काळजीपणाने नष्ट होऊ न देणे हीही त्याच व्रताची बाजू आहे. धुवावे आणि जपून वापरावे, दाखवण्याची घाई करू नये, हा मार्ग दोन्ही बाजूंना न्याय देतो.

संग्रहाचा प्रश्नही इथेच येतो. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे भान हरपवणाऱ्या आसक्तीवरून केली आहे. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनीज बुकात झाली. या कसोटीवर एवढा संग्रह अपरिग्रही असू शकतो आणि एकाच लायकासाठी रात्र जागवणारा परिग्रही. मात्र कॅमेऱ्याच्या बाबतीत मूर्च्छा ओळखण्याची एक बाह्य खूणही आहे. न वापरलेल्या शटरमधले वंगण घट्ट होते आणि पाती अडकतात; घडीच्या कॅमेऱ्याचा भाता न उलगडल्याने घड्यांवर चिरतो; बंद चामडी कव्हरात भिंगाला बुरशी धरते. जपण्यासाठी कुलूपबंद केलेला कॅमेरा जपला जात नाही. वापरणारा त्याचा उपभोग घेतो आणि त्याच वेळी राखणही करतो.

वापर म्हटला की दुरुस्ती आली, आणि दुरुस्तीत एकाचे शटर, दुसऱ्याचे भिंग, तिसऱ्याची स्प्रिंग असे होते. सुटे भाग बनणे थांबल्यामुळे चालू कॅमेरे आता बंद कॅमेऱ्यांच्या जिवावरच चालतात. तो आजोबांचाच कॅमेरा राहिला का, असे घरचे विचारतात. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्षूंनी राजा मिलिंदाला रथाच्या दाखल्याने उत्तर दिले आहे: रथ कोणत्याही एका भागात नाही, भागांच्या ढिगातही नाही, त्यांच्या एकत्र चालण्याला दिलेले ते नाव आहे. आजोबांच्या कॅमेऱ्याला ते पुरते लागू होते, आणि कुटुंबाला त्यात तोटा काही नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात या सगळ्याची सुरुवात मागचे झाकण न उघडण्याने होते. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल मागे गुंडाळण्याची कळ बाणाच्या दिशेने अलगद फिरवून पाहावी. ताण जाणवला तर आत फिल्म आहे. काढून झालेले फोटो अशा कॅमेऱ्यात डबीबाहेरच्या चकतीवर असतात, त्यामुळे झाकण उघडल्यास आधी तेच जातात. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा दिसतो का ते मंद उजेडात पाहावे, दिसला तर उरलेला रोल पूर्ण गुंडाळून मगच तो काढावा. कृष्णधवल रोल धुके कमी आणणाऱ्या डेव्हलपरमध्ये, शक्यतो कमी तापमानावर धुवावा. कोडाक्रोम आणि ज्यांची मूळ प्रक्रिया बंद पडली आहे असे जुने रंगीत रोल कृष्णधवल म्हणूनच धुवावेत. चित्रांतल्या माणसांचा किंवा घराचा माग लागला तर निगेटिव्ह त्यांना द्याव्यात आणि छापण्याचा निर्णय त्यांच्यावर सोडावा. माग लागला नाही तर निगेटिव्ह आम्लविरहित कागदात घालून, कॅमेऱ्याचे नाव, तो मिळाल्याचे ठिकाण आणि धुतल्याची तारीख लिहून, त्या कॅमेऱ्याबरोबरच ठेवाव्यात. म्हणजे कॅमेरा पुढे आणखी कोणाकडे गेला तरी त्या त्याच्याबरोबर जातील.